दाएंग रन्नू आणि वाटेचा बर्फ

पाओतेरेच्या बंदरावर माशांच्या पेट्या भरणाऱ्या बायकांत दाएंग रन्नूचा हात सगळ्यात सढळ. दाएंग ही तिकडची मानाची हाक. डोंगरातल्या बाजाराला निघालेल्या पेटीत ती बेताने बर्फ भरायची आणि वर आणखी एक ओंजळ टाकायची, वाटेसाठी. ही ओंजळ न टाकणारी बाई बंदरावर टिकत नाही. मासा वास मारत पोचला की शिव्या पेटी भरणारीलाच बसतात.

बंदरातल्या शीतगृहाला मुकादम हवा होता. मालकाने रन्नूलाच विचारलं, फक्त बारावीचा दाखला आण म्हणाला. रन्नूची शाळा दहावीनंतर सुटलेली. म्हणून चाळिशी उलटल्यावर ती मोठ्यांच्या वर्गात जाऊन बसली. बाकीचे विषय तिने झटक्यात काढले, पण गेल्या वर्षी भौतिकशास्त्रात आपटली, आणि मालक आता यंदापलीकडे थांबायला तयार नव्हता.

"या वयात बर्फाची गणितं?" शेजारच्या फळीवर पेट्या भरणारी दाएंग कानांग टोमणा मारायची. "मासे हसतील गं तुला!"

"हसू देत. तुझ्यापेक्षा कमीच दात आहेत त्यांना."

तोंड असं चालायचं, पण आतून बाई धास्तावलेली होती. दुसऱ्यांदा नापास होऊन परत याच फळीशी उभं राहायचं, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं.

वर्गात अस्वार गुरुजींनी गणित घातलं. एकशे ऐंशी ग्रॅम पाणी तीस अंशांवरून दहा अंशांवर आणायचं आहे. शून्य अंशाचा बर्फ किती लागेल? भांड्यातून उष्णता आत-बाहेर जात नाही असं समजा.

रन्नूने भराभर मांडलं. पाणी छत्तीसशे कॅलरी सोडणार. बर्फाचा एकेक ग्रॅम वितळताना ऐंशी गिळणार, वर दहा अंश तापायला आणखी दहा. छत्तीसशे भागिले नव्वद. सगळं बिनचूक. आणि खाली उत्तर लिहिलं, पन्नास ग्रॅम.

"दाएंग, चाळीस येतात हो!" तिच्या लेकाच्या वयाचे गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले. "दर वेळी हे वरचे कुठून आणता?"

"वाटेचे, गुरुजी."

"अहो, हे भांडं कुठे जातंय? टेबलावर आहे ते!"

"उष्णता न गळणारं भांडं मी जन्मात पाहिलं नाही. बर्फ कमी पडला तर बोलणी कोण खाणार?"

वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"बरं, वाटेचा बर्फ खरा. पण मला सांगा, तुमच्या पेटीत माशाचा किती आणि वाटेचा किती?"

रन्नूने हवेतच ओंजळ धरून माप घेऊन पाहिलं. उभा जन्म बर्फ भरण्यात गेला, पण हे दोन हिशेब तिने कधी वेगळे केलेच नव्हते.

"म्हणून हे भांडं," गुरुजी म्हणाले. "आधी याचा हिशेब निखळ काढायचा. वाटेचं गणित नंतर, वेगळं."

ते तिला इतकं पटलं की तिने तिथल्या तिथे पन्नासवर काट मारली. घरी जाताना तिला स्वतःचाच राग येत होता आणि हसूही.

परीक्षेत गणित आलं ते आणखी वाकडं. बर्फ उणे दहा अंशांचा, पाणी तीनशे ऐंशी ग्रॅम, तेच तीसवरून दहावर. रन्नूने दम धरला. बर्फ आधी शून्यापर्यंत येणार, बर्फाला अंशाला अर्धीच कॅलरी लागते, म्हणून त्याचे पाच. मग वितळणार, तेव्हा पारा तसूभर हलणार नाही पण ऐंशी जाणार. पुढे दहा. ग्रॅमला पंच्याण्णव. पाण्याचे शहात्तरशे. ऐंशी ग्रॅम!

हात शिवशिवला. थोडे वर टाकावेत का? तिने डाव्या हाताने उजवा मनगटात धरला, ऐंशीखाली रेघ ओढली आणि पेपर देऊन टाकला.

निकाल फोनवर आला तेव्हा ती कोपरापर्यंत बर्फात होती. ओल्या बोटाने पडदा सरकेना, म्हणून कानांगनेच वाचलं. वाचून ती एवढ्या जोरात ओरडली की मासे मोजणारे गडी धावत आले.

"कोण बुडालं?"

"कोणी नाही रे मेल्यांनो! आमची रन्नू पास झाली, भौतिकशास्त्रात!"

रन्नू रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. कानांगने तिचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळले.

"मग, मुकादम," ती म्हणाली, "आम्हाला काय हुकूम?"

रन्नूने खांद्याला नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि आयुष्यातला पहिला हुकूम सोडला.

"उद्या वेळेवर या!"