पाण्याबाहेरची आत्या

माझी आत्या पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर अनवाणी उभं राहून तिने निम्म्या गावाला तरंगायला लावलं असेल. मुलं तिला पाठीमागे ‘शिट्टीबाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. गळ्यातली शिट्टी मात्र ती क्वचितच वाजवायची, तिचा आवाजच पुरे होता. “पाय सरळ! सायकल चालवतोस का?” असं ती ओरडली की बाकांवर बसलेले पालकसुद्धा पाय सरळ करून बसत.

तिचे डोळे नेहमी लालसर असत. तलावाच्या पाण्यात औषध असतं, त्यामुळेच असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मग तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला, कोपर लागून पेले सांडू लागले. आतोबांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि जिभेला मात्र कुलूप नव्हतं. “घर बदलायला हवं,” ते म्हणायचे, “हे तुला काखेत तंग होतंय.” आम्ही हसायचो. आत्याही हसायची.

एका संध्याकाळी तलावावर नव्या मुलांचा वर्ग चालला होता. एक मुलगी उथळ भागाची दोरी ओलांडून खोल पाण्यात गेली आणि गटांगळ्या खाऊ लागली. पलीकडच्या काठावरच्या प्रशिक्षकाने कपड्यांसकट उडी घेतली आणि तिला वर काढलं. ती खोकली, रडली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. तिच्या आईने तिला तिथेच फैलावर घेतलं, “दोरी ओलांडायची नाही म्हणून बजावलं होतं ना!” आणि आत्याची माफी मागितली. मुलीचाच आगाऊपणा, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी तेव्हा नोकरीसाठी आत्याकडेच राहत होते. घरी आल्यावर ती ओल्या कपड्यांची पिशवी हातात तशीच धरून स्वयंपाकघरात उभी राहिली.

“ती माझ्या डाव्या हाताला होती गं. अगदी जवळ. मला दिसलीच नाही.”

“गर्दीत होतं असं,” मी म्हटलं.

“गर्दी नव्हती. अंधारही नव्हता. तिथे मला पाणी दिसत होतं. नुसतं शांत पाणी.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचा दाब फार वाढला होता आणि त्याखाली दृष्टीची नस कडेकडेने मरत आली होती. उजव्यातही सुरुवात होती. गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आधी थेंब झाले, मग वेगळे थेंब, मग लेझर. दाब हट्टाने वरच राहिला.

“आता शस्त्रक्रिया,” बाई म्हणाल्या. “डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं. तुमची ते बाहेर जायची वाट तुंबलीय. पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली आपण एक झाकणी असलेली बारीक वाट करायची. पाणी तिथून पातळ पडद्याखाली येतं, लहानसा फुगवटा होतो आणि ते हळूहळू रक्तात मुरतं.”

“आणि पोहणं?”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “बंद. कायमचं. त्या फुगवट्यावरचा पडदा फार नाजूक असतो. पाण्यातला जंतू आत शिरला तर डोळा हातचा जाईल.”

“दुसरा काही उपाय?”

“बारीक नळी बसवता येते, पण तलावात उतरायची परवानगी तेव्हाही मी देणार नाही. तुंबलेल्या वाटेतच बसवायचे धातूचे इवलेसे तुकडे मिळतात, पण ते सुरुवातीच्या आजाराला. तुमचा डावा डोळा त्याच्या पुढे गेलाय.”

“म्हणजे डोळ्यातलं पाणी काढायला मलाच पाण्यातून काढताय,” आत्या म्हणाली. एरवी अशा वाक्यावर आतोबा उडी मारून पुढचं वाक्य टाकत. त्या दिवशी ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

तिने बरेच दिवस चालढकल केली. तलावावर जाणं मात्र तिने स्वतःहून थांबवलं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी ती मला घेऊन त्या मुलीच्या घरी गेली. आईने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आत्याने पेल्याला हात लावला नाही.

“तुमच्या मुलीला रागावू नका. ती दोरीपलीकडे गेली, पण तिला बघणं माझं काम होतं. मला त्या बाजूचं दिसत नाही.”

आई म्हणाली, “कधीपासून?”

“तेच मला माहीत नाही.”

“म्हणजे तेवढे दिवस आमची मुलं...” तिने वाक्य सोडून दिलं, उठली आणि दार उघडून उभी राहिली. आम्ही निघालो. जिन्यात आत्या कठडा धरून म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

शस्त्रक्रिया सुरळीत झाली, पण नंतरचे दिवस वाईट गेले. पाणी गरजेपेक्षा जास्त वाहू लागलं, दाब फारच खाली गेला, डोळा मऊ पडला आणि जे दिसत होतं तेही धूसर झालं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पाण्यात मासोळीसारखी वावरणारी बाई उशीला टेकून पंख्याकडे बघत बसायची. आतोबा तिच्या चपलासुद्धा पायात सरकवायचे. “फसवलं मला,” ती एकदा म्हणाली. कोणी, ते तिने सांगितलं नाही. पुढे जखम भरता भरता दाब उलट चढू लागला, तेव्हा बाईंनी लेझरने एक टाका सैल केला. मग कुठे तो जागेवर आला. डावीकडचं जग मात्र गेलं ते गेलंच.

उजव्या डोळ्याला थेंब पुरले. आत्या ते घड्याळ लावून घालते. तलावाने तिला खोलीतल्या वर्गाचं काम दिलं. पाण्याला भिणारी मोठी माणसं बाकावर बसतात आणि ती त्यांना श्वास सोडायला शिकवते. काठावर ती जात नाही. रस्ता ओलांडताना सगळी मान वळवते, तरी माझा दंड सोडत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी ती डावा डोळा झाकून न्हाणीघरातून बाहेर आली. डोळा लाल होता, ठणकत होता. दुखला, लाल झाला तर क्षणभरही थांबायचं नाही, हे आम्हाला पाठ होतं. आतोबा घरच्या कपड्यांवरच गाडी काढायला धावले. दवाखान्यात बाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

“पापणीचा केस वळून आत टोचतोय,” शेवटी बाई म्हणाल्या आणि चिमट्याने तो काढला. “फुगवटा ठीक आहे. आज निभावलं.”

“आज,” आत्या म्हणाली. खुर्चीवरून उठताना तिने हात पुढे केला आणि आतोबांनी तो धरला.