संजनाचा उजवा पाय

सायखेड्याच्या आमच्या संजनासारखा हलका पाय अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाय. चार वर्षं ती द्राक्षांचा पिकअप चालवतेय. रस्त्यात हिसके बसले की मण्यावरची पांढरी लव जाते अन् व्यापारी माल नाकारतो. संजनाचा एक क्रेट आजवर परत आला नाय!

हे बघूनच ओझरच्या गॅरेजवाल्या गोरक्षनानांनी आपली शर्यतीची गाडी तिच्या हातात दिली. गाडी दिसायला छोटीशी, पण टर्बो बसवलेली. ओढायचं पुढच्याच चाकांनी अन् वळायचंही त्यांनीच. ॲक्सिलेटर दाबला की क्षणभर काहीच नाय, मग एकदम असा जोर येतो की गाडी स्टेअरिंग हातातून हिसकावून घेते.

शर्यतीच्या सकाळी नाना म्हणाले, "संजे, आज रविराजच्या मागं राहिलीस तर उद्यापासून ही गाडी तो चालवणार. मला टायमिंग पाहिजे."

रविराज नाशिकच्या कॉलेज रोडचा, स्वतःची गाडी घेऊन आलेला. तिला बघून मोठ्यानं बोलला, "ओ पिकअपवाल्या ताई, मार्केट तिकडं हाय!"

"तुझाच बाजार उठवते, थांब," संजना म्हणाली.

फेऱ्या दोन, त्यातली जलद धरायची. मातीच्या ट्रॅकवर पाणी मारून चिखल केलेला. रिकामा पिकअप चिखलात घसरतो म्हणून मागं वजन टाकतात. संजनानं सवयीनं डिकीत वाळूची दोन पोती टाकली. पहिल्याच वळणावर पाय दाबला तर नाक वर, पुढची चाकं जागच्या जागी फिरली अन् गाडी सरळ टायरांच्या ढिगात! गाडी मागं घेऊन कशीबशी फेरी पुरी केली, एक मिनिट एकतीस. रविराज एक बावीस.

संजना उतरली अन् त्या वळणावर जाऊन बघितलं. पुढच्या चाकांनी चिखल उकरलेला, मागची नुसती फरपटत आलेली. बघता बघता तिला हसू फुटलं.

"नाना, ओढतंय पुढचं अन् वजन दिलं मी मागं!"

पोती तिनं स्वतः फेकली.

दुसऱ्या फेरीला ती निघाली ती जशी द्राक्षं भरून निघावी. वळणाआधी पाय सैल केला, वजन पुढं आलं, नाक आपोआप वळणात आत आलं. मग ॲक्सिलेटर पावच दाबून तसाच धरून ठेवला, टर्बोला जोर भरू दिला. स्टेअरिंग सरळ होत गेलं तसा पाय खाली. चाक एकदाही जागच्या जागी फिरलं नाय. गाडी गोळीसारखी सुटली.

एक मिनिट एकोणीस!

माइकवाला ओरडला, "महिला गटात पहिली, संजना!"

संजनानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अन् सगळ्यांत?"

त्यानं कागद बघितला. "सगळ्यांतही पहिलीच."

रविराजनं हेल्मेट काढून गाडीत टाकलं. नाना धावत आले, गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाले, "आता हिला कुणी उतरवून दाखवा!"

कोण उतरवतंय? हाय कुणात दम?