धाकटीची जीभ

आमच्या धाकटीच्या जिभेचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझा दीर जहाजावर असतो. बॅगा घेऊन येतो, घरभर पसारा करतो आणि बॅगा घेऊन जातो. ही मात्र बारा महिने इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. अगदी समोर म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत.

आमचं चहाचं दुकान आहे. पुड्यातल्या भुकटीचं नव्हे, सुट्या पानांच्या चहाचं, आणि त्यातही वासाच्या. गुलाबाचा, मोगऱ्याचा, पुदिन्याचा, संत्र्याच्या सालीचा, लवंग-दालचिनीचा. पुढे काउंटरवर आमचे हे बसतात. मागच्या खोलीत चाखायचं टेबल आहे. खिडकीखाली लांब फळी, तिच्यावर पांढरे कप, बाजूला पिकदाणी आणि टेबलाच्या टोकाला माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, खुर्ची. कुठला चहा दुकानात राहणार आणि कुठला परत जाणार, ते या टेबलावर ठरतं. अण्णांच्या हातात त्यांच्या आईचा चांदीचा चमचा असतो. कपावर आपटून आपटून त्याच्या कडेला पोचा पडलाय. तो चमचा ज्याच्या हातात, त्याचं टेबल.

मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णांनीच मला चाखायला शिकवलं. मोठा भुरका मारायचा, घोट जिभेवरून टाळूपर्यंत फिरवायचा, थुंकायचा, पाण्याने गुळणी करायची, मग पुढचा कप. टेबलावर बसणाऱ्या बाईने अत्तर लावायचं नाही, वासाचा साबण नाही, सकाळी कच्चा कांदा नाही. मला केसांत फुलं माळायची केवढी हौस होती. सोडली. या टेबलापायी मी काय काय सोडलं ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

आणि अण्णांचा एक नियम. सगळ्यांचं चाखून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मग धाकट्याने आधी बोलायचं. मोठ्यांचं ऐकून लहान माणूस स्वतःचं मत गिळून टाकतो, म्हणून. मी धाकटी होते तोपर्यंत मला हा नियम फार आवडायचा. मग ही आली.

आल्या आल्या ही टेबलावर बसली, आणि बरं चाखायची, खोटं कशाला बोलू. पण मागच्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला. त्यातून उठली आणि बाईसाहेबांना जणू दुसरीच जीभ फुटली. "पहिला जुना आहे. दुसऱ्यात गुलाब वरून शिंपडलाय, पानात मुरलेला नाही. तिसऱ्याला पोत्याचा वास आहे." अगदी माझ्या मनातलं, माझ्या आधी. मग अण्णा माझ्याकडे वळायचे, "मोठे, तुझं काय?" मी काय सांगणार? पहिला जुनाच होता, दुसऱ्यात गुलाब वरूनच शिंपडला होता. मी म्हणायचे, "तेच."

तेच, तेच, तेच. वर्षभर मी दुसरा शब्दच बोलले नाही. आधी अण्णा नुसते हसायचे, मग मला विचारायचंही विसरायला लागले. हे तर गिऱ्हाइकाला डबा उघडून दाखवताना म्हणायचे, "हा घ्या, आमच्या धाकटीने निवडलाय." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी ह्यांना एकदा बोलले, "मी काय तिथे कप विसळायला बसते का?" तर म्हणाले, "अगं, तुझंही मत तेच असतं ना, मग झालं तर." त्या दिवशी ह्यांना अळणी जेवण वाढलं. ह्यांना कळलंही नाही, त्यावरून ह्यांच्या जिभेची कल्पना करा.

अण्णांची जीभ तरी कुठे राहिली होती? वय झालं. मोगऱ्याला पुदिना म्हणण्याइतकी वेळ आली नव्हती, पण घोट घेऊन ते धाकटीच्या तोंडाकडे बघायचे आणि तिने सांगितलं की मान डोलवायचे. एका सकाळी म्हणाले, "संत्र्याच्या सालीचा नवा माल येतोय. तो चाखून झाला की चमचा पुढच्या हातात देणार आहे." कुणाच्या, ते बोलले नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं. मी कप विसळत होते. एकाचा कान तुटला, माझ्याच हातून.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी डबे साफ करायला बसलो. वासाच्या चहाचा डबा बदलायचा म्हणजे मोठं काम असतं. पत्रा वास धरून ठेवतो. धुवायचा, उन्हात टाकायचा, नाक आत घालून बघायचं आणि मगच दुसरा चहा भरायचा. मी खोलीच्या या टोकाला, ती त्या टोकाला. तिने लवंगेच्या चहाचा रिकामा डबा उचलला. धुतलेला नव्हता. मला इथून, एवढ्या लांबून, नाकाला झिणझिण्या आल्या. तिने झाकण काढलं, नाक आत घातलं, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "हा स्वच्छ आहे." आणि त्यात मोगऱ्याचा चहा ओतला.

 अण्णांना चहा हवाय का म्हणून विचारायला ती आत गेली तेव्हा मी मोगरा परत काढून ठेवला. आणि तिथेच बसून राहिले. हिला वास येत नाही. लवंगेचा येत नाही म्हणजे कशाचाच येत नाही. कडू, गोड, तुरट जिभेला कळेल, पण गुलाब कळणार नाही, मोगरा कळणार नाही, पोतं कळणार नाही. मग ही सांगते कशी?

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुदिन्याचे दोन कप होते. दोन्ही ताजे, फर्स्ट क्लास. मी दुसऱ्याचा घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली, मुद्दाम. पटकन थुंकले. धाकटीची नजर कपावर नव्हतीच. माझ्या तोंडावर होती.

"दुसरा शिळा वाटतोय," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिळ्याला माझ्या कपाळाला आठी पडते. वास वरून शिंपडलेला असला की मी वरचा ओठ चाटते. पोत्याचा वास आला की नाकपुड्या फुगतात. आणि फार आवडला तर थुंकायचंच विसरते, गिळून टाकते. माझ्या तोंडाची ही भाषा मलाही ठाऊक नव्हती, तिने शिकून घेतली होती. आणि नियमाप्रमाणे आधी तीच बोलणार. माझं मत माझ्या तोंडावरून उचलून माझ्याआधी सांगणार, आणि मग मी तिची री ओढणार.

तुम्ही म्हणाल, दया आली असेल. मुळीच नाही. मला असा राग आला की हातातला टॉवेल पिळून पिळून कोरडा केला. आणि दुसऱ्याच क्षणी मला एवढं बरं वाटलं की मी गुणगुणायला लागले. संत्र्याचा माल येऊ दे, म्हटलं. सगळ्यांसमोर हिला तोंडघशी पाडते.

मालवाला आला तो तीन नमुने घेऊन. ह्यांनाही अण्णांनी काउंटरवरून बोलावून घेतलं. टेबलावर तीन कप, मधोमध चमचा. पहिला बरा होता, साल जरा जास्त वाळलेली. दुसरा गोडसर, त्यात सालीपेक्षा साखरच बोलत होती. तिसरा तोंडात घेतला आणि मी क्षणभर कशासाठी बसलेय तेच विसरले. नुकतं सोललेलं संत्रं असतं ना, नख लागल्यावर सालीतून बारीक फवारा उडतो, तो वास. आणि मागून चहा, स्वच्छ, न दबलेला. इतक्या वर्षांत असा चहा या टेबलावर आला नव्हता. घशाखाली जायला निघाला होता. मी तो अडवला, पिकदाणीत थुंकले आणि कपाळाला भलीमोठी आठी घातली.

"बोल धाकटे," अण्णा म्हणाले.

"पहिला चालेल. तिसरा नको," ती म्हणाली. "साल जुनी आहे."

अण्णांनी तिसऱ्याचा घोट घेतला, डोळे मिटले, मान डोलवली. "जुनीच आहे."

मालवाला गोंधळला. "तिसरा तर आमचा सगळ्यात ताजा आहे हो."

"विकणाऱ्याचा सगळाच माल ताजा असतो," अण्णा म्हणाले. मग बऱ्याच दिवसांनी त्यांना माझी आठवण झाली. "मोठे, तुझं काय?"

हाच तो क्षण. मी पदर सावरला आणि म्हणाले, "तिसराच घ्या. असा चहा पुन्हा मिळणार नाही. साल जुनी नाही, धाकटीला कळलेलंच नाही."

मला वाटलं, आता अण्णा पुन्हा चाखतील, विचारतील, उलगडा होईल. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी सांडलेल्या दुधाकडे बघतं.

"वर्षभर तेच तेच म्हणत होतीस," ते म्हणाले, "आणि आज चमचा द्यायची वेळ आली तेव्हा तुला वेगळी चव लागली? जळण्याला काही सुमार असावा."

ह्यांनी मान खाली घातली. मालवाल्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. आणि अण्णांनी चमचा उचलून धाकटीच्या हातात दिला.

माझ्या तोंडात अजून त्या चहाची चव होती. वर्षभरात पहिल्यांदा मी माझं स्वतःचं मत सांगितलं होतं, शंभर टक्के खरं, आणि ते या खोलीत कुणालाही पटलं नव्हतं. कारण मी जळते हे सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी मी मोरीवर कप घासत होते. धाकटी येऊन शेजारी उभी राहिली. कप पुसायला घेतले.

"तिसरा चांगला होता ना, ताई?"

"होता."

"मला वाटलंच. म्हणजे मागाहून वाटलं. तुम्ही थुंकलात, पण नंतर गुळणी केली नाहीत. तुम्ही कधी गुळणी चुकवत नाही. पण तोवर मी बोलून बसले होते."

मी नळ बंद केला. "कधीपासून गं?"

"तापापासून. ताप गेला आणि वास गेला तो गेलाच. आधी वाटलं, येईल आठवड्यात. मग वाटलं, येईल महिन्यात."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला सांगू? हे जहाजावर. या घरात मला कुणी विचारतं ते फक्त त्या टेबलावर. बोल धाकटे, म्हणतात. तिथून उठले तर मग मी इथे कोण?" तिचे डोळे भरून आले, पण पुसायला तिच्या हातात कपाचं फडकं होतं, ते ओलं होतं. "तुमच्यासारखं नाक मला आधीही नव्हतं, ताई. मी तुमच्याकडे बघूनच शिकले. ताप आल्यावर नुसतं बघणंच उरलं."

हिला दोन थोबाडीत द्याव्यात का जवळ घ्यावं, मला कळेना. मी म्हणजे कशावर जळत होते? ही जीभ माझी होती. ते कौतुक माझं होतं. रात्रंदिवस माझ्या पोटात जे दुखत होतं ते माझ्याच जिभेच्या नावाने. शेवटी मी तिच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि कोरडं दिलं.

"आता मी अण्णांना सांगते," ती म्हणाली.

"सांगून काय होणार? त्यांना तर तिसरा जुनाच लागला. त्यांचंही सांगावं लागेल मग." आणि हे मी कसं बोलले मला माहीत नाही, पण बोलले. "म्हाताऱ्याला कशाला उघडं पाडतेस?"

सकाळी टेबलाच्या टोकाशी धाकटी बसली होती, हातात चमचा घेऊन. अण्णा बाजूच्या खुर्चीत. मी माझ्या जागी. कप मांडले होते, आणि मालवाल्याकडून तिने पहाटेच निरोप पाठवून तिसरा नमुना परत मागवला होता. आम्ही चाखलं. तिने चमचा कपावर टणकन वाजवला.

"आजपासून धाकट्याने आधी बोलायचं नाही. ताई आधी बोलतील."

"का म्हणून?" अण्णा ताठ झाले. "नियम आहे तो."

"टेबल माझं आहे ना, अण्णा?"

अण्णा खुर्चीत मागे टेकले. मी बोलले. एकेका कपाबद्दल, सावकाश, वर्षभराचं साठलेलं सगळं. साल कशी, पान कसं, पाण्यात किती वेळ ठेवलं तर कडू उतरेल. माझा आवाज मलाच नवा वाटत होता. माझं झाल्यावर धाकटीने माझ्याकडे बघितलं, डोळ्याला डोळा भिडवून, आणि म्हणाली, "तेच."

अण्णांनी हळूच मान डोलवली. "तेच."

माल आला त्याच दिवशी तिसरा चहा दुकानात लागला. दुपारपर्यंत अर्धा डबा खपला. मी मागच्या खोलीत कप विसळत होते, आणि पुढून ह्यांचा आवाज आला, गिऱ्हाइकाला डबा उघडून दाखवत होते.

"हा घ्या. आमच्या धाकटीने निवडलाय."

मी हातातला कप खाली ठेवला. धाकटीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती उठली, चमचा हातात घेऊन तरातरा काउंटरवर गेली आणि गिऱ्हाइकासमोर मोठ्याने म्हणाली, "भाऊजी, हा ताईंनी निवडलाय. नीट सांगत जा."

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत एकच बोलणं, आमची धाकटी मनाची किती मोठी.