दोन भावांची पदकं

आमचे हे दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचे आणि घरी ब्रिटिश आरमाराची पदकं जमवायचे. स्वतः होडीत पाय ठेवला तरी ओकारी काढणार! एकेक पदक म्हणजे रुपयाहून मोठं चांदीचं गोल, वर राणीचा चेहरा, कडेवर खलाशाचं कोरलेलं नाव. मला कधी नावानं हाक मारली नाही. खलाशांची नावं मात्र तोंडपाठ.

त्यातल्या एका खलाशाचा सख्खा भाऊ त्याच जहाजावर, त्याच लढाईत होता. त्या भावाचं पदक आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कंपाउंडरच्या घरी, भिंतीवर, काचेच्या चौकटीत. भावांची ताटातूट म्हणजे यांच्या जिवाला घोर. हे विकत मागायचे, कंपाउंडर चहा पाजायचा. चौकट काही उघडायचा नाही.

बंदराजवळच्या आमच्या घराच्या भिंती कायम ओल्या, आणि मला दमा. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. घाटावर राहणारी लेक तर कधीची बोलावत होती. पण हे म्हणायचे, "मी गेलो आणि मागे कंपाउंडर मेला, तर त्याचा मुलगा ते मोडीत घालील." दोन म्हातारे एकमेकांवर डोळा ठेवून बसलेले, आणि श्वास कोंडायचा माझा.

शेवटी कंपाउंडरच मुलाकडे राहायला निघाला. जाताना पदक यांच्या हातात ठेवलं. "घ्या हो. भावाला भाऊ भेटू दे." हे ढसाढसा रडले. भिंग लावायचंही भान नव्हतं. "बांध सामान, आजच निघू." मी लगेच टॅक्सी बोलावली. यांचा काय नेम!

दोन्ही पदकं एकावर एक ठेवून रुमालात बांधताना बोटाला कड लागली. वरचं, कंपाउंडरनं दिलेलं, केसभर लहान. जन्मभर ऐकलंय मी, जुनं नाव कानशीनं घासून नवं कोरलं की पदक लहान होतं. म्हणजे हे पदक खोटं. कंपाउंडरला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. घट्ट गाठ मारली आणि रुमाल पर्सच्या तळाशी घातला.

आम्हाला घेऊन टॅक्सी गल्लीच्या टोकाला आली तसे हे म्हणाले, "अगं, दे ना ती. वाटेत हातात धरून बसतो."

"तिकडे पोचल्यावर बघा."

"असं काय करतेस? दे की."

दिली. यांचा अंगठा कडेवरून फिरला, थांबला, परत फिरला.

"खरं पदक कुठंतरी याच गावात असणार," हे पुटपुटले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी वळवा."

गाडी परत आमच्याच दारात थांबली. मी उतरणार नाही, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण यांचे गुडघे धरतात. गाडीतून उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून आधी मी उतरले.