बाबांचं गाऱ्हाणं

आमच्या परळच्या खोलीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष देवाला एकेक मागणं सांगतो आणि मागची मंडळी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते काम बाबांचं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मी जन्माचा घुम्या, त्यात देवावर फारसा विश्वास नाही.

बाबा गिरणीत होते. शेवटच्या वर्षी गॅलरीत बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "काय रे, गिरणी चालवायला केवढी माणसं लागायची. बंद राहायला कोण लागतं? कोणीच नाही. मग एवढी दुनिया चालू कशाला आहे? काहीच नसणं सोपं होतं ना?"

मी पुस्तकं वाचणारा. म्हटलं, "मोठा स्फोट झाला, बाबा."

"स्फोटाला दारू लागते. ती का होती?"

‘मला माहीत नाही’, एवढंच म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना. मी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि काही महिन्यांत ते गेले. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याकडे आहे. देव म्हणावं तर देव तरी का आहे? नियम म्हणावेत तर नियम तरी का? कुठलंही उत्तर घ्या, ते स्वतः ‘आहे’मध्येच येऊन बसतं.

यंदा हातात नारळ घेतला. "बा देवा म्हाराजा, पोरांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"हे सगळं आहे, ते का आहे? नसतं तर कुणाचं अडलं असतं?"

"व्हय म्हाराजा!" सवयीने आलं. मग पुतणी फिसकन हसली. "काका, मोदक नसते तर माझं अडलं असतं!"

मी थांबलो नाही. "बाबांनी हे मला विचारलं होतं. मी टीव्ही मोठा केला. एवढ्या मोठ्या प्रश्नापाशी त्यांना एकटं सोडलं. चुकलो, म्हाराजा."

धाकटा भाऊ निरांजनाची वात सारत राहिला. मग मागून आईचा एकटीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आरतीनंतर प्रसादाचं खोबरं कापताना ती म्हणाली, "माकाव विचारलेल्यानी."

"बाबांनी तुलाही? मग तू काय सांगितलंस?"

"माका काय म्हायती? म्हटलंय, वायच सरका, माकाव बसाक व्हया."