बंदुकीचे आचमन

सायखेड्याला गोदाकाठी भाजीपाल्याचा मळा असलेले माझे एक यजमान होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती, आणि नव्वदच्या दशकात दर दसऱ्याला तिची पूजा सांगण्यास मी नाशिकहून जात असे. पूजेनंतर मातीच्या उंच बांधापुढे टांगलेला नारळ पन्नास पावलांवरून एकाच गोळीत फोडायचा, हा त्या घरचा कुलाचार. यजमानांचा नेम कधी चुकला नव्हता. एका वर्षी त्यांनी लेकीच्या सासऱ्यांना, आपल्या नव्या व्याह्यांना, हा पराक्रम पाहण्यास मुद्दाम बोलावले.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा यजमान बंदूक पुसून, मग बांधात एक गोळी झाडून परत येत होते. नळीला जळक्या दारूचा वास. स्नान घालून राखेत लोळवलेले दैवत पाटावर मांडायचे कसे?

"यजमान, ही उष्टी झाली. पुन्हा स्वच्छ करा."

"बाहेरनं पुसतो, गुरुजी. आतून नका हात लावू, नेम बिघडंल."

"काजळीने नेम लागतो, असे कोणत्या शास्त्रात आहे?"

शास्त्राचे नाव निघताच त्यांनी बंदूक माझ्या हाती दिली. देवाधर्मात वाद न घालणारा सज्जन माणूस. त्याचा मी पुरेपूर लाभ घेतला. रिकामी नळी मांडीवर घेतली, गजाला फडके गुंडाळले आणि समई उजळावी तशा श्रद्धेने अर्धा तास घासली. वर तिळाच्या तेलाचा बोळा फिरवला. डोळा लावून पाहिले, तर आत नुसता आरसा.

पूजा यथासांग झाली. यजमानांनी नेम धरून चाप ओढला. नारळ हललासुद्धा नाही. त्याच्या वीतभर वर, डावीकडे माती उडाली.

व्याह्यांनी पुढे होऊन नारळ सोडून घेतला. "दीर्घायुषी दिसतोय हा. आमच्या देव्हाऱ्यात ठेवतो."

यजमान हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले नाही, हेच मला फार लागले.

जेवणानंतर मी कारण विचारले. "घासलेली नळी पहिली गोळी भलतीकडंच टाकती, गुरुजी. त्यात तेल राहिलं तर बघायलाच नको. एक बार झाला, धूर बसला, की ठिकाणावर येती. टोकावरची नेमाची माशी मी तशाच नळीवर बसवून घेतली हाय."

"मग मला अडवले का नाही?"

"कसं अडवू? तुम्ही लय मनापासून घासत होता."

पूजेपूर्वी आपण आचमन करतो. त्या घोटाने आपण उष्टे होत नाही, पूजेस सिद्ध होतो. हे मला जन्मभर ठाऊक होते. बंदुकीला ते लागू करण्याची बुद्धी मात्र नारळ वाचल्यावर झाली.

पुढच्या दसऱ्याला व्याही तोच नारळ घेऊन आले; गेल्या वर्षीची चूक माझी होती, हे मीच त्यांना सांगून टाकले होते. आत वाळलेला गोटा खुळखुळत होता. मला पाहताच यजमानांनी बंदूक पाठीमागे धरली.

"आधी बांधात तिचे आचमन होऊ द्या," मी म्हणालो, "मग पूजा."

"आणि तुमचं फडकं?"

"घरी ठेवून आलो."

पूजेनंतर एकाच गोळीत त्याच नारळाच्या ठिकऱ्या झाल्या. "यंदा गुरुजींनी हात लावला नाय वाटतं!" व्याही ओरडले.

मातीतले खोबरे वेचून, धुऊन, साखर घालून मी प्रसाद केला. पहिला तुकडा यजमानांनी माझ्याच तळहातावर ठेवला.

"घ्या, गुरुजी. वर्षभर मुरलाय."