झाकणबाईची शिफारस

माझ्या पोरीने समाजकार्याच्या कॉलेजात अर्ज भरला, तो मला न विचारता. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण अर्जाला त्या कामातल्या कुणा जुन्या माणसाची शिफारस लागते म्हणे, आणि ती मागायला ही महामाया गेली कुणाकडे? झाकणबाईकडे! अख्ख्या शहरात हिला दुसरं माणूस मिळालं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाकणबाई हे नाव मीच ठेवलंय. बालकल्याणाच्या ऑफिसातली बाई ती. पोर सहा-सात वर्षांची असताना आमच्याकडे आली. मी ‘या’ म्हणायच्या आधीच आत शिरली, सरळ ओट्यापाशी गेली आणि एकेका डब्याचं झाकण काढून बघायला लागली. पीठ आहे का, तांदूळ आहेत का, साखर आहे का. सगळं होतं. मी काही पोरीला उपाशी ठेवणारी बाई नव्हे. मग तिची नजर दाराबाहेर कडीला लटकलेल्या कुलपावर गेली.

हो, लावायचे मी कुलूप! आजही छातीठोकपणे सांगते, बरोबर केलं. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. पहाटे चादरी उकळायला टाकायच्या, मग दोघींनी दोन टोकं धरून झटकायच्या आणि गरम रोलरमध्ये सोडायच्या. बोट अडकलं तर गेलंच. तिथे पोर कशी नेणार? हिचा बाप केव्हाच पसार झालेला. खाली रस्त्यावर ट्रकची वर्दळ. दार उघडं टाकलं असतं तर हीच बाई म्हणाली असती, पोर वाऱ्यावर सोडली. कुलूप लावलं तर म्हणे कोंडून ठेवली. मग जगायचं कसं तेही तुम्हीच सांगा!

नेली पोर. बालगृहात ठेवली. मुकादमाच्या हातापाया पडून मी दिवसपाळी मागून घेतली, ऑफिसात खेटे घातले, तेव्हा कुठे अर्धं वर्ष गेल्यावर परत दिली.

आणि आता ही मला सांगते, “घर बघितल्याशिवाय आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय त्या शिफारस देणार नाहीत. रविवारी येतायत.”

“तिने इथे पाऊल तर ठेवू दे, तंगडंच मोडते तिचं.”

“आई, शिफारस नसेल तर मुलाखतीलासुद्धा बोलावणार नाहीत.”

“नाही बोलावलं तर नाही. दुकानातली नोकरी काय वाईट आहे? लोकांच्या घरात नाक खुपसत फिरणार तू? माझी मुलगी?”

“हो. तुझीच.”

“आणि तीच भेटली तुला?”

“एकदा त्यांनी माझ्याबद्दल रिपोर्ट लिहिलाच होता ना? आता दुसऱ्यांदा लिहू देत.”

दोन दिवस मी तिचं ताट आदळतच वाढलं.

रविवारी सकाळी मी एक काम केलं. घरातले सगळे डबे टेबलावर ओळीने मांडले आणि सगळ्यांची झाकणं काढून ठेवली. पोर तोवर बाईला घ्यायला खाली गेली होती, नाहीतर तिने झाकणं परत लावली असती.

बाई आली. केस पिकलेत, हातात काठी आलीय, पण खोड तीच. आली ती थेट आतच.

“बसा,” मी म्हटलं. “झाकणं काढूनच ठेवलीयत. तुमच्या हातांना त्रास नको.”

पोरीचा चेहरा लाल झाला. बाईने मात्र शांतपणे डब्यांवरून नजर फिरवली. “तांदळाला कीड लागलीय,” म्हणाली.

अस्सं! मग मीही तोंड सोडलं. घर फोडलंत, पोर तोडलीत, जे मनात होतं ते सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घरात स्टोव्ह, आत एवढीशी मुलगी, बाहेरून कुलूप. आग लागली असती तर? आज दिसलं तर आजही मी तेच करीन.”

“करा ना! नेता येतं तुम्हाला. परत दिल्यावर एकदा तरी फिरकलात? काय परत दिलंत ते बघायला? बालगृहातली सवय, दार सताड उघडं असायचं आणि ही बाहेर उभी. विचारायची, ‘आत येऊ का?’ मी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. शाळेतून आली की तेच, खाली खेळून आली की तेच. वर्षभर! स्वतःच्या आईला विचारायची, आत येऊ का! समजावलं, रडले, दोनदा थोबाडीतही दिली. ते कुठल्या डब्यात दिसणार होतं तुम्हाला?”

बाई आता कुठे खुर्चीत बसली. म्हणाली, “हे मला माहीत नव्हतं.”

पोर मान खाली घालून उभी होती. संपलं, मला वाटलं. माझ्या तोंडाने हिचं कॉलेज घालवलं. इतके दिवस तेच तर हवं होतं मला, पण तिच्याकडे बघवेना.

“देऊ ना शिफारस?” बाईने मला विचारलं. मला!

“त्या दिवशी विचारलं होतंत?” मी म्हटलं. पण नको नाही म्हटलं. तिने तिथेच, डबे जरा सरकवून, टेबलावर चार ओळी लिहिल्या आणि काठी टेकत निघून गेली. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

काल मुलाखत झाली. पोर नाचतच घरी आली. तिथल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलात तर सगळ्यात आधी काय कराल?

“मी म्हटलं, दार उघडं असलं तरी बाहेर उभी राहीन आणि विचारीन, आत येऊ का? या म्हणाले तरच जाईन. साहेबांनी पेनच खाली ठेवलं, आई. म्हणाले, वा! हे कुठे शिकलात?”

“मग? काय सांगितलंस?”

“घरी, म्हटलं.”

खोटारडी मेली. मी तिच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिले. साहेबांना ते फार आवडलं, प्रवेश नक्की आहे, असं ती सांगत होती. आवडणारच की. त्यांची पोर कधी त्यांच्या दारात तशी उभी राहिलेली नाही.